देवाचे उपकार आठवायचे कसे: वही, घर, मंडळी आणि हात

इस्राएल लोकांना मिसरातल्या (इजिप्तमधल्या) दास्यातून निघून जेमतेम वर्ष झाले होते. समुद्र दुभंगलेला ज्यांनी डोळ्यांनी पाहिला तीच माणसे आपापल्या तंबूच्या दारात बसून रडत होती, आणि त्यांना आठवत होते ते मासे, काकड्या, खरबुजे, कांदे आणि लसूण (बायबलमधले गणना हे पुस्तक, अध्याय ११). मिसरातले फुकटचे जेवण लख्ख आठवत होते. त्याच मिसरातले मुकादम, विटांचा रोजचा हिशेब, नदीत टाकलेली तान्ही मुले यांतले काहीही त्यांच्या तोंडी नव्हते.

आठवणीला मोकळे सोडले की ती बहुधा कुरकुरीकडे वळते. म्हणून पवित्र शास्त्रात आठवण ठेवणे ही आज्ञा म्हणून येते आणि त्यासाठी कामे नेमून दिली जातात: दगड रचा, सण पाळा, लिहून ठेवा, मुलांना सांगा, रानात देवाने पुरवलेले अन्न, म्हणजे मान्ना, ओमरभर मापून भांड्यात भरून पुढच्या पिढ्यांसाठी राखा. देवाने हे काम आपल्या मनःस्थितीवर सोडले नाही, आणि मला यात त्याची मोठी दया दिसते, कारण मन खचलेले असतानाही हाताने काम करता येते.

खाली जी रीत मांडली आहे तिचा गाभा एकच आहे. घडलेली गोष्ट नेमकी धरून ठेवायची आणि ती आजच्या काळजीसमोर उभी करायची. पलिष्ट्यांचा धिप्पाड योद्धा गल्याथ याच्यासमोर दाविदाने हेच केले. "ज्या परमेश्वराने मला सिंहाच्या आणि अस्वलाच्या पंजातून सोडवले तोच मला ह्या पलिष्ट्याच्या हातून सोडवील," असे तो म्हणाला (१ शमुवेल १७). सिंह, अस्वल आणि मग समोरचा पलिष्टी. उलट शिष्यांचे पाहा. नावेत एकच भाकर होती म्हणून ते चिंता करू लागले, तेव्हा प्रभूने विचारले, मी थोड्या भाकरींत हजारोंना दोनदा जेवू घातले तेव्हा उरलेल्या तुकड्यांच्या किती टोपल्या भरल्या होत्या? त्यांनी बिनचूक सांगितले: बारा आणि सात (मार्क ८). आकडे पाठ होते, पण त्यांचा त्या एका भाकरीशी संबंध काय, हे त्यांच्या ध्यानात आले नाही.

वही

साधी दोनशे पानी वही घ्या. मोबाइलवर लिहिले तरी चालेल, पण फोन बदलतो, बिघडतो, आणि नातवंडांच्या हाती तो लागत नाही. म्हणून माझा आग्रह कागदाचाच आहे. डावीकडच्या पानावर लिहा, उजवे पान कोरे ठेवा. ते कशासाठी, ते पुढे सांगते.

प्रत्येक नोंदीत चार गोष्टी याव्यात. तारीख, अडचण काय होती आणि आपण काय मागितले, प्रत्यक्षात काय घडले, आणि ते कोणाच्या हातून घडले. बस्स. "देवाने आशीर्वाद दिला" एवढेच लिहिलेत तर तीन वर्षांनी तुम्हालाच कळणार नाही की नेमके काय झाले होते. नमुन्यादाखल अशी नोंद पाहा:

"१२ जून. धाकटीच्या फीला साडेआठ हजार कमी. शुक्रवारी शेवटची तारीख. सोमवारपासून रोज रात्री दोघांनी प्रार्थना केली. बुधवारी मामा आले, जुनी उसनवारी परत केली, आम्ही विसरूनही गेलो होतो. सात हजार. उरलेल्या दीड हजाराला शाळेने महिन्याची मुदत दिली. मामांना रिक्षाने यावे लागले, गुडघा दुखत होता."

यात सात हजार आले तर सातच लिहिले आहेत. उपकार मोठा दिसावा म्हणून आकडा वाढवायचा नाही, मुदत मिळाली त्याला "फी माफ झाली" म्हणायचे नाही. देवाच्या विश्वासूपणाला आपल्या अतिशयोक्तीची गरज नसते. ब्रिस्टलमध्ये अनाथांची घरे चालवणाऱ्या जॉर्ज म्युलर (१८०५–१८९८) यांनी आपल्या वृत्तांतात आलेल्या देणग्यांच्या लहानलहान रकमासुद्धा नोंदवून ठेवल्या, आणि सकाळी हाती काहीच नव्हते असे दिवसही लपवले नाहीत. त्यांचे लिखाण आजही धीर देते याचे कारण मला तरी हा काटेकोरपणाच वाटतो.

चौथी गोष्ट, म्हणजे कोणाच्या हातून, ती कधीही गाळू नका. मामांचा दुखरा गुडघा नोंदीत आला, कारण मदत तशीच आली होती. महिन्यातून एकदा ही नावे वाचा आणि ज्यांचे आभार मानायचे राहिले असतील त्यांना फोन करा. दहा कुष्ठरोगी शुद्ध झाले आणि एकच परत आला (लूक १७). इतर नऊ जणांनाही आनंद झालाच असेल, पण ते परत फिरले नाहीत.

आता उजवे पान. योसेफाला सतराव्या वर्षी भावांनी खड्ड्यात टाकले आणि मग विकले. तेच भाऊ धान्यासाठी येऊन गेले आणि त्याने त्यांना आपली ओळख दिली तेव्हा तो चाळिशीला टेकला होता. "तुम्ही वाईट योजले, पण देवाने त्यातून चांगले योजले," हे तर त्याला त्याहूनही पुढे, वडील वारल्यावर म्हणता आले. खड्ड्यात पडल्या दिवशी ते वाक्य त्याच्या तोंडी कोणी घातले असते तर ते खोटे ठरले असते. म्हणून घटना आज लिहा, अर्थ लावायची घाई करू नका. काही पाने पाच वर्षांनी भरतील, काही कदाचित कोरीच राहतील. कोऱ्या पानाची लाज वाटू देऊ नका.

रोज लिहिणे सगळ्यांना जमत नाही आणि तशी सक्तीही नको. शनिवारी रात्री किंवा रविवारी उपासनेहून आल्यावर पंधरा मिनिटे पुरतात. रोजची सवय ज्यांना हवी आहे त्यांच्यासाठी इग्नाशियस लोयोला यांनी सोळाव्या शतकात घालून दिलेली दिवसाच्या परीक्षणाची रीत चांगली आहे. आधी मिळालेल्या उपकारांबद्दल आभार, मग प्रकाश मागणे, मग दिवस तासातासाने पाहणे, चुकले त्याची क्षमा, आणि उद्यासाठी निश्चय. त्यात आभार पहिले येतात आणि दोषांकडे नंतर वळायचे असते, हा क्रम मोडू नका.

मागचे मुक्काम

वही सुरू झाली की एका सुटीच्या दिवशी मागे वळून पाहा. गणना ३३ हा अध्याय आपण बहुतेक वगळून पुढे जातो. त्यात "येथून कूच केले, तेथे तळ दिला" हेच पुन्हा पुन्हा येते, चाळीसहून अधिक ठिकाणांची नावे. पण तिथेच लिहिले आहे की मोशेने ही यादी परमेश्वराच्या आज्ञेवरून लिहिली. त्यात कडू पाण्याचे मारा आहे, लगेच पुढे बारा झरे आणि सत्तर खजुरीची झाडे असलेले एलीम आहे, आणि अशी कितीतरी नावे आहेत जिथे काय घडले याबद्दल एक अक्षरही नाही. नुसता तळ दिला आणि पुढे निघाले. आपलीही बरीच वर्षे तशीच असतात. तीही यादीत यावीत.

तुमची यादी सालवार करू नका, कारण साले आठवत नाहीत. घरांप्रमाणे करा: जन्माचे घर, वसतिगृह, भाड्याची पहिली खोली, बदलीचे गाव, आताचे घर. प्रत्येक मुक्कामाखाली तीन ओळी पुरेत: तिथे काय कमी होते, काय मिळाले, कोण भेटले. आठवायला वस्तूंची मदत घ्या. जुनी गुणपत्रके, दवाखान्याच्या फाइली, भाडेपावत्या, लग्नाची पत्रिका, बाप्तिस्म्याचा दाखला काढून समोर ठेवा. आपल्या बऱ्याच घरांत मोठ्या बायबलच्या सुरुवातीच्या पानांवर आजोबांनी जन्म, बाप्तिस्मा, लग्न, मृत्यू अशा नोंदी केलेल्या असतात. त्या पानांचा फोटो काढून ठेवा, शाई फिकी होत जाते.

एक सावधगिरी इथे सांगायलाच हवी. एखाद्या मुक्कामाची आठवण काढताच छाती धडधडू लागली, झोप उडाली, तर तो मुक्काम सोडून पुढे जा. यादीत फक्त त्याचे नाव राहू द्या. मारहाण, अत्याचार, अचानक झालेला मृत्यू अशा गोष्टी एकट्याने उकरायच्या नसतात. विश्वासू पाळक आणि गरज असेल तर डॉक्टर, दोघांनाही सोबत घ्या. त्या जागी देव कुठे होता हा प्रश्न तुम्ही वहीच्या वेळापत्रकाप्रमाणे सोडवायला बांधलेले नाही.

मन तयार नसेल तेव्हा

असे आठवडे येतात की जुने उपकार वाचून उलट त्रासच होतो. "तेव्हा केलेस, मग आता का नाही?" ही वेदना स्तोत्रकर्त्या आसाफाला ठाऊक होती. स्तोत्र ७७ मध्ये तो रात्री हात पसरून बसला आहे, डोळा लागत नाही, आणि देवाची आठवण आली की तो कण्हतो. मग एकामागून एक सहा प्रश्न. प्रभू कायमचा टाकील काय? त्याचे वचन संपले काय? देव कृपा करायचे विसरला काय? हे प्रश्न स्तोत्रातच राहिले, कोणी खोडले नाहीत. त्यानंतर, अर्ध्या वाटेवर, तो ठरवून वळतो आणि परमेश्वराच्या कृत्यांची आठवण करीन असे म्हणतो.

हे स्तोत्रच साधनेचा आराखडा म्हणून वापरा. पहिल्या बैठकीत फक्त प्रश्न लिहा, अगदी प्रश्नचिन्हांसकट, सभ्य भाषेत न गुंडाळता. आमेन म्हणायचीही घाई नको. दुसऱ्या दिवशी त्याच पानाखाली "तरी" एवढा शब्द लिहा आणि वहीतली जुनी एकच नोंद तिथे उतरवून काढा. नवीन शोधू नका, तीच उतरवा. आसाफानेही स्वतःच्या आयुष्यातले काही शोधले नाही, समुद्राची जुनी गोष्टच घेतली. आणि त्या गोष्टीतही तो काय म्हणतो? तुझी वाट समुद्रातून होती, पण तुझ्या पावलांचा माग लागला नाही. सुटका झाली, लोक पार गेले, आणि तरी देवाची पावले कोणाला दिसली नाहीत. अंधाऱ्या आठवड्यात मला या ओळीचा फार आधार वाटतो.

"तरी" लिहवत नसेल तर स्तोत्र ८८ वाचा. ते अंधारातच संपते, आणि तेही उपासनेच्या पुस्तकात आहे. अशा वेळी दुसऱ्या कोणाला तुमच्या वतीने आठवण ठेवू द्या. मैत्रिणीच्या हाती वही द्या आणि सांगा, तू वाच, मी नुसती ऐकते.

घरात मोठ्याने

मोशेनंतर लोकांचा पुढारी झालेल्या यहोशवाने यार्देन ओलांडताना नदीच्या कोरड्या पात्रातून बारा धोंडे उचलून आणायला लावले आणि ते गिलगालात उभे केले. कारण स्पष्ट सांगितले: पुढे मुले विचारतील, हे धोंडे कशाचे? (यहोशवा ४). मुलांना प्रश्न पडेल अशी काहीतरी वस्तू मधेच असावी, ही कल्पना मला फार शहाणी वाटते. उपदेश करत बसले तर मुले उठून जातात, पण भिंतीवर एखादी जुनी किल्ली टांगलेली दिसली तर ती आपणहून विचारतात. बंद पडलेल्या कारखान्याचे ओळखपत्र, मुदतीआधी जन्मलेल्या बाळाचे इवलेसे टोपडे, पहिल्या खोलीची किल्ली, यांतले एक निवडा आणि दिसेल तिथे ठेवा. एकच. घराचे संग्रहालय करू नका.

त्या वस्तूला पूजेची जागा मात्र मिळता कामा नये. सर्पदंशातून लोक वाचावेत म्हणून मोशेने केलेला पितळी साप हा खराखुरा सुटकेचा पुरावा होता, तरी पुढे लोक त्याला धूप जाळू लागले आणि हिज्किया राजाने तो फोडून टाकला (२ राजे १८). "ही किल्ली आहे म्हणून आपले बरे चालले आहे" असे कोणी म्हणू लागले की ती कपाटात टाका.

कौटुंबिक प्रार्थनेसाठी स्तोत्र १३६ घ्या. त्यातल्या प्रत्येक ओळीनंतर "कारण त्याची दया सनातन आहे" हे येते, सव्वीस वेळा. एकाने ओळ वाचायची, बाकीच्यांनी हे म्हणायचे. पहिल्या आठवड्यात स्तोत्र जसेच्या तसे वाचा. दुसऱ्या आठवड्यात मधेमधे घरच्या ओळी घाला: "ज्याने पुराच्या रात्री आम्हांला शेजाऱ्यांच्या माळ्यावर जागा दिली", आणि सगळे म्हणतील, "कारण त्याची दया सनातन आहे." मुलांना त्यांच्या ओळी त्यांच्या शब्दांत करू द्या. मांजर परत आले ही ओळसुद्धा चालते. स्तोत्रातही राजांच्या पराभवानंतर शेवटी देव सर्व प्राण्यांना अन्न देतो हेच येते.

वडीलधाऱ्यांना विचारायला उशीर करू नका. आजी, आत्या, मोठे काका यांच्याकडे फोनचा रेकॉर्डर लावून बसा आणि मोकळे प्रश्न विचारा: आपल्या घरात पहिल्यांदा प्रभूचे नाव कोणी घेतले? त्यासाठी काय सोसावे लागले? त्या वर्षी खायला काय होते? महाराष्ट्रातल्या कितीतरी ख्रिस्ती घराण्यांची गोष्ट दुष्काळातून, वाळीत टाकले जाण्यातून, मिशनच्या शाळेच्या ओट्यावरून सुरू होते. त्या गोष्टीत अपमानही असतो, घरातली फूटही असते. ते गाळून गोड केलेली साक्ष मुलांच्या कामाची नाही. बायबलमधल्या अनुवाद या पुस्तकाच्या २६ व्या अध्यायात कनान देशात जन्मलेला शेतकरी टोपली घेऊन येतो आणि म्हणतो, मिसऱ्यांनी आम्हांला छळले. तो स्वतः मिसरात कधी गेलेला नसतो. तरी तो "आम्हांला" म्हणतो. नातवंडांनी पणजोबांची गोष्ट सांगताना असेच "आम्ही" म्हणावे.

मंडळीत साक्ष देताना

इथे जरा थांबून बोलायला हवे, कारण आठवणीने मंडळी, म्हणजे चर्चमधला समुदाय, बांधली जाते तशी दुखावलीही जाते. अपघातातून वाचलेला भाऊ उभा राहतो आणि म्हणतो, "आम्ही प्रार्थना केली म्हणून देवाने वाचवले." तिसऱ्या बाकावर एक आई बसलेली असते. तिनेही प्रार्थना केली होती, आणि तिचा मुलगा गेला. ते वाक्य तिच्यापर्यंत कसे पोहोचते?

प्रेषितांची कृत्ये १२ वा अध्याय पुन्हा वाचा. हेरोदाने योहानाचा भाऊ याकोब याला तरवारीने मारले. त्याच अध्यायात पेत्राच्या साखळ्या गळून पडतात आणि दूत त्याला बाहेर काढतो. मंडळी पेत्रासाठी एकाग्रतेने प्रार्थना करत होती असे लिहिले आहे. याकोबासाठी केली नसेल असे मला तरी वाटत नाही. हे पुस्तक लिहिणारा लूक दोन्ही घटना शेजारीशेजारी ठेवतो आणि कारण देत नाही. इब्री ११ मध्येही विश्वासाने कोणाला मेलेली माणसे परत मिळाली आणि कोणी विश्वासानेच करवतीने चिरले गेले, एकाच परिच्छेदात. शद्रख, मेशख आणि अबेद्नगो यांनी भट्टीच्या तोंडाशी बाबेलच्या राजाला सांगितले होते: आमचा देव सोडवू शकतो, पण तसे न झाले तरी आम्ही तुझ्या मूर्तीपुढे वाकणार नाही.

म्हणून साक्ष देताना घडले तेवढेच सांगा, "म्हणून" हा शब्द जपून वापरा. तीन मिनिटे पुरतात. वहीतली नोंद वाचून दाखवली तर सर्वांत उत्तम, कारण तिथे फुगवलेले काही नसते. दुसऱ्याचे आजारपण, कर्ज, घरातली भांडणे त्याला विचारल्याशिवाय सांगू नका, ते उपकारस्तुतीसाठी असले तरी. जी सुटका झाली नाही तीही साक्षीत येऊ द्या: "नोकरी मिळाली नाही. पण त्या आठ महिन्यांत चूल एकदाही थंड राहिली नाही." ही साक्ष तिसऱ्या बाकावरची आई ऐकू शकते. पाळकांनीही महिन्यातून एखादी अशी, अजून न सुटलेल्या गाठीची साक्ष मुद्दाम मागून घ्यावी.

प्रभुभोजनाबद्दल, म्हणजे उपासनेतल्या भाकर आणि द्राक्षरसाच्या विधीबद्दल, थोडक्यात. "माझ्या स्मरणार्थ हे करा" हे प्रभूने ज्या रात्री त्याला धरून देण्यात आले त्या रात्री सांगितले. आपल्या वहीतली सगळी पाने या मेजाच्या पुढ्यातच ठेवायची असतात. आदल्या संध्याकाळी वही उघडा, एक नोंद आणि एक कोरे पान निवडा आणि दोन्ही मनात घेऊन मेजाकडे या.

वर्षाच्या शेवटी, ३१ डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेला जाण्याआधी, घरातल्यांनी मिळून वही पहिल्या पानापासून वाचावी. तासभर लागतो. कोऱ्या उजव्या पानांवर काही लिहिता येते का, ते त्या रात्री पाहावे.

हातात उतरणे

अनुवादात "तू मिसरात दास होतास याची आठवण ठेव" हे वाक्य वारंवार येते आणि त्याच्या मागेपुढे बहुतेक वेळा एखादे काम असते. शेतात पेंढी विसरली तर परत आणायला जाऊ नको, ती परक्याला, अनाथाला, विधवेला राहू दे. जैतुनाचे झाड दुसऱ्यांदा झोडू नको. द्राक्षे पुन्हा वेचू नको. कारण तू मिसरात दास होतास (अनुवाद २४).

पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात हे लख्ख दिसते. तरुणपणी दुष्काळाच्या वर्षांत वडील, आई आणि थोरली बहीण उपासमारीने एकामागून एक गेली. त्या भुकेचे वर्णन त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. पुढे १८९६-९७ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा त्या तिथे गेल्या, तरुण विधवांना आणि मुलींना घेऊन आल्या, आणि केडगावच्या माळावर मुक्ती मिशनचे काम उभे राहिले. भुकेली मुलगी कशी दिसते हे त्यांना कोणी सांगावे लागले नव्हते.

तेव्हा वहीतली शेवटची पायरी अशी. वर्षअखेरीच्या वाचनात एक नोंद निवडा आणि तसाच प्रसंग ज्याच्यावर आज आहे असा माणूस शोधा. तुमची फी भरली गेली असेल तर यंदा कोणाची फी अडली आहे ते शाळेच्या कारकुनाला विचारा. दवाखान्यात रात्री कोणीतरी तुमच्यासाठी डबा आणला असेल तर त्याच वॉर्डात डबा घेऊन जा. कापणीच्या सणाला मंडळीत ज्वारी, कोंबड्या, भोपळे येतात आणि लिलाव होतो, तो आनंदाने कराच. पण त्याच आठवड्यात अनुवाद २४ मधली विसरलेली पेंढीही शेतात राहू द्या, म्हणजे पगारातली ठरलेली रक्कम ठरलेल्या घरी जाऊ द्या. पाकिटावर आपले नाव घालू नका. वहीत मात्र तारीख आणि रक्कम लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या वर्षी ती कमी होणार नाही.